अमीन गेले, फौजदार आले

मराठवाड्यातल्या वाचत्या माणसाला संविधानातलं कलम 371 ठाऊक असतं ते वैधानिक विकास मंडळापायी. अनुशेष, निधीवाटप, राज्यपालांचे अधिकार हे सगळं आपल्याकडे त्या आकड्याशी जोडलेलं आहे. पण 26 जानेवारी 1950 ला संविधान लागू झालं तेव्हा या क्रमांकाखाली निराळाच मजकूर होता. हैदराबाद, म्हैसूर, राजस्थान अशी जी 'ब' वर्गातली राज्यं होती त्यांची सरकारं दहा वर्षं राष्ट्रपतींच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली राहतील आणि दिल्लीहून येणारे आदेश पाळतील, असं त्यात लिहिलेलं होतं. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि तो मजकूर गेला. तोवर आमचा सगळा भाग केंद्राच्या देखरेखीखाली होता, आणि संविधानाच्या आधीचं वर्षभर तर थेट लष्करी गव्हर्नरच्या हाताखाली.

माझे आजोबा, ज्यांना सगळं तीर्थपुरी तात्या म्हणे, त्या कलमाखाली जगले. कलमाचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्या सगळ्या उलथापालथीचं त्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं : "अमीन गेले, फौजदार आले." एवढं बोलून ते थांबत. पुढचं काढून घ्यावं लागे, आणि मी ते वर्षानुवर्षं काढत राहिले. आजीचं बोलणं वेगळं असे. ती विचारल्याशिवाय बोलत नसे, आणि तात्या समोर असले तर अजिबातच नाही.

तीर्थपुरी आज जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. तात्यांच्या लहानपणी जालना जिल्हा नव्हता. तो 1 मे 1981 ला झाला. गाव अंबड तालुक्यातलं, जिल्हा औरंगाबाद, आणि सगळ्यांच्या वर हैदराबादचे निजाम. पैठणचा डावा कालवा यायला अजून कित्येक वर्षं होती, त्यामुळे ऊस नव्हता. बाजरी, जवारी, तूर, कापूस. दक्षिणेला काही कोसांवर गोदावरी, आणि नदीपल्याड बीड जिल्हा, जिथलं आजीचं माहेर.

निजामाच्या राज्यात पोलीस नावाची एकच एक गोष्ट नव्हती, हे आधी समजून घ्यायला हवं. निजामांचे दिवाण पहिले सालारजंग यांनी 1860 च्या दशकात जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी केली, महसुलापासून पोलीस वेगळे काढले, जिल्ह्याला मोहतमीम, ठाण्याला अमीन, त्याखाली जमादार आणि जवान अशी उतरंड लावली. कागदावर ती चांगलीच होती. पण राज्याचा साठेक टक्के मुलूखच दिवाणी, म्हणजे सरकारी. उरलेला सर्फेखास म्हणजे निजामांचा खासगी, नाहीतर पायगा आणि जहागिरी. त्यातल्या बड्या जहागीरदारांचे आपापले पोलीस, आपापली कोर्टं. चोर एका गावात चोरी करून ओढा ओलांडून गेला की कायदा अलीकडच्या काठावर उभा. राजधानीची तऱ्हा आणखी वेगळी. हैदराबाद शहराचा कोतवाल जिल्हा पोलिसांच्या हाताखाली नव्हता. तो थेट निजामांना जाब देई. 1920 ते 1934 या काळात राजा बहादूर वेंकटरामा रेड्डी कोतवाल होते आणि त्यांच्याबद्दल जुनी माणसं आदरानं बोलत. पण एक माणूस चांगला निघाला म्हणून व्यवस्था चांगली होत नाही. त्याच शहराचं पोलीस खातं 1948 मध्ये दीन यार जंगांच्या हाती होतं आणि ते रझाकारांच्या कासिम रझवीच्या बाजूचे मानले जात.

जिल्ह्यांच्या पोलिसांसाठी 1329 फसलीचा कायदा होता. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे 1919-20. हा कायदा उर्दूत, ठाण्याचं दप्तर उर्दूत, रोजनामचा उर्दूत. आमच्या पणजोबांची बैलजोडी चोरीला गेली तेव्हा ते ठाण्यावर पायी गेले. मुन्शीनं रपट लिहिली, पणजोबांनी अंगठा उठवला, 'खर्च' म्हणून काही हाली, म्हणजे निजामी रुपये ठेवले आणि परत आले. जोडी सापडली नाही. पुढं केव्हातरी उर्दू जाणणाऱ्या एका मास्तरांनी ठाण्यातला तो कागद पाहिला, तर त्यात लिहिलं होतं की जनावरं आपणहून दावं तोडून गेली, चोरीचा संशय नाही. तात्या हे सांगताना चिडत नसत. पण एक गोष्ट ते प्रत्येक वेळी न चुकता सांगत, की त्या कागदाखाली बापाचा अंगठा होता.

अमीनसाहेबांचा दौरा ही गावाच्या डोक्यावरची दुसरी आपत्ती. पोलीस पाटलाकडे आधी निरोप यायचा. घोड्याला चारा, साहेबांना कोंबडी आणि तूप, जवानांना भाकरी-कालवण, निजायला बाजा, सामान वाहायला वेठीचे गडी. वेठ कुणाच्या वाट्याला यायची हे सांगायला नको. गावाबाहेर ज्यांची घरं, त्यांच्या. जवानाचा पगार हालीत आणि इतका तुटपुंजा, की गाव त्याला पोसणार हे सरकारनंच गृहीत धरलेलं. सात हाली म्हणजे सहा कळदार, म्हणजे इंग्रजी रुपये, असा तेव्हाचा भाव. मी तात्यांना विचारलं होतं की जवान वाईट होते का. ते म्हणाले, "वाईट कामून आसतील? त्याह्यलाबी लेकरं व्हती. पर त्याह्यचं पोट आमच्या चुलीवर टाकेलं व्हतं." पोलिसांच्या सुधारणेवर नंतर मी बरंच वाचलं. पगार आणि लाच यांचा संबंध याहून थोडक्यात मांडलेला मला सापडलेला नाही.

मग 1947 आलं. 15 ऑगस्टला हिंदुस्थान स्वतंत्र झाला आणि आमचा भाग नाही. 29 नोव्हेंबरला निजाम आणि दिल्ली यांच्यात जैसे थे करार झाला. रझाकार या निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद स्वयंसेवकांचा जोर वाढत गेला. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते तुरुंगात किंवा सरहद्दीपार. जालन्यात मामा चौकातून जाताना आज किती जणांना निजामाविरुद्धच्या लढ्यातल्या जनार्दनमामा नागापूरकरांची आठवण होते कोण जाणे, पण आमच्या घरात ते नाव हळू आवाजात का होईना घेतलं जाई. त्या वर्षाबद्दल तात्या सांगत ते असं : आधी अमीन भीती दाखवायचा, पण तो निदान सरकारी माणूस होता. आता त्याच्या जोडीला रझाकार हिंडू लागले, आणि कोण कुणाच्या हुकमात हे कळेना. लूट झाली तर सांगायचं कुणाला? ज्याला सांगायचं तो लुटणाऱ्याबरोबर चहा पिताना दिसायचा. त्या पावसाळ्यात बायका-पोरं रात्री घरात निजत नव्हती. बाजरी डोक्याएवढी वाढली होती; तिच्यात गोधड्या टाकून झोपायचे. साप-विंचवाचं भय होतं, पण ते परवडलं, असं आजी म्हणे.

13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे हिंदी फौजा शिरल्या. हीच ती 'पोलीस ॲक्शन'. सोलापूरकडून मेजर जनरल जे. एन. चौधरी, औरंगाबादच्या बाजूची कामगिरी मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्याकडे. दुसऱ्याच दिवशी औरंगाबादच्या मुलकी अधिकाऱ्यांनी शरणागती दिली. जालन्याजवळ निजामी सैन्यानं काही काळ नेट धरला, मग तेही शहर हाती आलं. 17 तारखेला निजामांनी लढाई थांबवल्याचं जाहीर केलं, 18 ला त्यांचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींपुढं शरणागती पत्करली आणि चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. आमच्या गावात हे कुणी पाहिलं नाही. विमानाचा आवाज ऐकू आला, दोन दिवसांनी ठाण्यातले निम्मे लोक नाहीसे झाल्याचं कळलं, आणि मग जालन्याहून आलेल्या एका व्यापाऱ्यानं सांगितलं की राज्य बदललं. तात्या तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. ते सांगत की माणसं चावडीपुढं जमली, कुणीतरी गुळाची ढेप फोडली आणि म्हातारी माणसं रडली.

हा भाग आमच्याकडे दर 17 सप्टेंबरला सांगितला जातो, आणि सांगितलाच पाहिजे. आजीनं सांगितलेला भाग मात्र सांगितला जात नाही.

तिच्या माहेरच्या गावात एक मण्यार कुटुंब होतं. आजीच्या हातात लग्नाचा चुडा त्यांनीच भरला होता. फौजा आल्या त्यानंतरच्या आठवड्यात बाहेरची माणसं गावात आली, त्यांना गावातली काही मिळाली आणि मुसलमानांची घरं फुटली. मण्यारचाचांचा थोरला मुलगा मारला गेला. तो रझाकार नव्हता. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडणारा पोरगा होता. चाची आजीच्या वाड्यापुढं आली, तिनं कडी वाजवली. "आन आमी दार उघडलं न्हाई," आजी म्हणाली. "बाप म्हणाला, गप ऱ्हावा. आमी गप ऱ्हायलो." पोलीस चार दिवसांनी आले. जुने पळालेले, नवे अजून पोचलेले नाहीत, अशा मधल्या दिवसांत ते घडलं. आणि जे नवे आले, त्यांनी पंचनामा केला, नावं विचारली. गाव पुन्हा गप्प राहिलं.

हे एका गावाचं नाही. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं. 1948 च्या नोव्हेंबरअखेरीपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते राज्याच्या 16 पैकी 9 जिल्ह्यांत फिरले. त्यांचा अंदाज असा की पोलीस ॲक्शनच्या दरम्यान आणि नंतर मिळून 27 ते 40 हजार माणसं मारली गेली. सर्वांत भीषण उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. त्याखालोखाल औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक, आणि या चारांत मिळून किमान पाच हजार. लष्करातले आणि स्थानिक पोलिसांतले काही लोक लुटीत सामील होते याचा पक्का पुरावा मिळाल्याचं त्यांनी लिहिलं. काही लष्करी अधिकाऱ्यांनी जीव वाचवले, काही हिंदू शेजाऱ्यांनी स्वतःच्या जिवावर उदार होऊन मुसलमानांना लपवलं, हेही त्यांनी लिहिलं. आणि तो अहवाल मिटून ठेवला गेला. अभ्यासकांना तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात उघडपणे पाहायला मिळू लागला तो 2013 च्या सुमाराला. आजी त्याआधीच गेली होती. आपल्या जिल्ह्याचं नाव एका सरकारी अहवालात आहे, दिल्लीच्या माणसांनी येऊन हे सगळं लिहून नेलं होतं, हे तिला कधी कळलं नाही. कळलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, की आणखी जड झालं असतं, हे मला सांगता येत नाही. पण ते कळण्याचा तिचा हक्क होता, एवढं नक्की.

आता देखरेखीकडे वळते. चौधरींच्या हाताखाली मुख्य मुलकी प्रशासक म्हणून मुंबई इलाख्यातले आय.सी.एस. अधिकारी डी. एस. बखले आले. मुंबई, मद्रास, मध्य प्रांत इथून अधिकारी आणि पोलीस तुकड्या उसन्या आणल्या गेल्या. निजामी पोलिसांतल्या अनेकांना काढलं, कित्येकांवर खटले झाले, कित्येक पाकिस्तानात गेले. अरब, रोहिले अशा शस्त्रधारी पहारेकऱ्यांपैकी अनेकांची रवानगी झाली. रोहिल्याचं व्याज ज्यांच्या छातीवर होतं त्या कुळांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. 1949 च्या ऑगस्टमध्ये जहागिरी संपवण्याचा हुकूम निघाला आणि जहागीरदारांचे पोलीस, जहागीरदारांची कोर्टं संपली. माझ्या मते त्या सगळ्या काळातली ही सर्वांत टिकाऊ सुधारणा. ओढ्याच्या दोन्ही काठांना पहिल्यांदा एक कायदा लागू झाला. 26 जानेवारी 1950 पासून एम. के. वेल्लोडी मुख्यमंत्री झाले. तेही आय.सी.एस., तेही दिल्लीनं नेमलेले. निवडून आलेलं सरकार आलं 1952 मध्ये, बुर्गुला रामकृष्ण राव यांचं, आणि त्यात गृहमंत्री होते आपल्या मराठवाड्याचे दिगंबरराव बिंदू.

खाली काय झालं ते तात्यांकडून ऐकावं. नवा फौजदार आला तो मुंबई इलाख्यातला. मराठी बोलणारा. गाव हरखलं, कारण वर्दीतला माणूस पहिल्यांदाच त्यांच्या भाषेत बोलत होता. जरी ती भाषा आमच्यासारखी नव्हती आणि म्हाताऱ्यांना अर्धीच कळे. त्यानं चावडीत सांगितलं की यापुढे वेठ नाही, चारा-कोंबडी नाही, जे घेऊ त्याचे पैसे देऊ. आणि पहिल्या फेरीत त्यानं खरंच दिले. पण त्याच्यामागं जो जमादार उभा होता तो जुनाच. तो पळाला नव्हता, त्याच्यावर खटला नव्हता, आणि नव्या साहेबाला रस्ते, वस्त्या, माणसं ठाऊक नव्हती म्हणून त्याच्यावाचून अडत होतं. "साहेब देशाचा, पर वाट दाखवणारा त्योच," तात्या म्हणत. दोन पावसाळे जायच्या आत कोंबडी परत सुरू झाली. यावेळी मागणी चावडीत होत नव्हती, परसदारानं होत होती. फौजदाराला ते माहीत होतं की नव्हतं, हे तात्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

बाहेरून येणाऱ्या देखरेखीचा हा पहिला दुबळेपणा. ती वरची खुर्ची बदलते. ठाण्याच्या ओसरीवर जो वीस वर्षं बसलेला आहे तो नव्याला शिकवतो. दुसरा दुबळेपणा हैदराबादेत दिसला. माझे एक चुलत आजोबा तिथं शिकायला होते. विवेकवर्धिनीच्या, म्हणजे 1907 पासूनच्या मराठी शाळेच्या आवारात मराठवाड्यातली पोरं जमत, आणि त्यांच्यातही तेव्हा एकच बोलणं होतं : सगळ्या नोकऱ्या बाहेरच्यांना. देखरेखीसाठी आणलेले लोक आपल्यामागं नातेवाईक, ओळखीचे, खोटे मुलकी, म्हणजे स्थानिक रहिवासी असल्याचे, दाखले घेऊन आलेले लोकही आणत होते, अशी तक्रार होती. सप्टेंबर 1952 मध्ये 'गैरमुलकी परत जा' म्हणत विद्यार्थी रस्त्यावर आले आणि 3 व 4 तारखेला सिटी कॉलेजच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. माणसं मेली. न्यायमूर्ती पिंगळे जगनमोहन रेड्डी यांची चौकशी बसली. चार वर्षांपूर्वी ज्या पोलीस दलाची साफसफाई झाली होती, त्याच दलाच्या त्या गोळ्या होत्या. चुलत आजोबा सांगत की पळताना त्यांच्या मनात आलं, आपण कुणापासून सुटलो आणि कुणाच्या तावडीत सापडलो. तेलंगणातल्या शेतकऱ्यांनी तर हे त्याहून आधी सोसलं होतं. मराठवाड्यात ज्या फौजेसाठी गूळ वाटला गेला, ती नळगोंडा-वरंगळच्या खेड्यांत 1951 च्या ऑक्टोबरात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा मागे घेतला जाईपर्यंत त्यांना शोधत घरं पालथी घालत होती.

तरीही दिल्लीच्या एका कायद्यानं आमच्या गावाच्या वेशीवर खरा फरक केला. पारध्यांच्या पालांची हजेरी असे. रात्री पोलीस पाटलाकडे हजर व्हायचं, पहाटे पुन्हा, गाव सोडायचं तर चिठ्ठी घ्यायची. गुन्हा काहीच नाही, जन्म हाच गुन्हा. 31 ऑगस्ट 1952 ला गुन्हेगार जमातींचे कायदे केंद्राच्या कायद्यानं रद्द झाले. तात्यांच्या आठवणीत एक पारधी म्हातारा होता. कायदा गेल्याचं कळल्यावरही तो कित्येक दिवस संध्याकाळी पाटलाच्या ओट्यापर्यंत येऊन जाई. पाटील म्हणे, जा बाबा, आता नाही लागत. त्याला खरं वाटत नसे. आणि त्याचं बरोबरच होतं म्हणायचं, कारण चोरी झाली की आजही पहिली गाडी कुठल्या वस्तीकडे वळते हे आमच्या भागात कुणालाही विचारा.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. 1962 च्या कायद्यानं मुलकी पाटलांची वतनं गेली, 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमानं पोलीस पाटील नेमणुकीचा झाला. 1964 मध्ये राजभाषेचा कायदा झाला आणि दप्तर मराठीत येऊ लागलं. या गोष्टींना लष्कर लागलं नाही, की विमानं. पण तात्या पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी, कुणाला बरोबर न घेता, तक्रार द्यायला ठाण्यावर गेले ते या सगळ्यानंतर, बांधाच्या भांडणात. लिहिलेलं त्यांनी स्वतः वाचलं. दोन शब्द चुकलेले होते, ते दुरुस्त करायला लावले आणि मग सही केली. ही गोष्ट ते पोलीस ॲक्शनपेक्षा जास्त रंगवून सांगत.

केंद्राच्या देखरेखीचा असाच प्रयोग अमेरिकेत शहरांच्या पोलिसांवर पुष्कळ उशिरा झाला. तिथं पोलीस खातं शहराचं असतं. 1991 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला झोडपलं आणि ते कुणीतरी कॅमेऱ्यात टिपलं. 1994 मध्ये तिथल्या संसदेनं कायदा केला : एखाद्या शहराचे पोलीस सातत्यानं लोकांचे हक्क तुडवत असतील तर केंद्राचं न्याय खातं त्या शहरावर दावा लावू शकतं. बहुतेक वेळा शहर करारावर येतं, न्यायाधीश त्या करारावर शिक्कामोर्तब करतात आणि एक स्वतंत्र निरीक्षक नेमला जातो. 1997 मध्ये पिट्सबर्गपासून सुरुवात झाली. लॉस एंजेलिस 2001 पासून 2013 पर्यंत या ना त्या रूपात अशा देखरेखीखाली होतं. या पद्धतीतही खोट आहे. वॉशिंग्टनचं सरकार बदललं की उत्साह बदलतो, आणि 2025 मध्ये तिथल्या न्याय खात्यानं मिनियापोलिस आणि लुईव्हिलसाठी ठरलेले असे करार सोडूनही दिले. पण तिच्यातला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. निरीक्षकाचा अहवाल ठरावीक मुदतीनं कोर्टात दाखल होतो आणि तो कुणालाही वाचता येतो. कुणाला अडवलं, कुणावर बळ वापरलं, किती तक्रारी आल्या, त्यांचं काय झालं. ज्याला मार बसला त्याची आई तो कागद वाचू शकते. आजीच्या आणि मण्यारचाचीच्या वाट्याला नेमकं हेच आलं नाही.

आपल्याकडे पोलीस हा राज्यांचा विषय, त्यामुळे दिल्लीचा हात आता तसा पोचत नाही. पोचला तो सर्वोच्च न्यायालयाचा. पोलीस सुधारणेसाठी नेमलेल्या धर्मवीर आयोगानं 1979 ते 1981 दरम्यान आठ अहवाल दिले, ते धूळ खात पडले. उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीस महासंचालक राहिलेले प्रकाश सिंह 1996 मध्ये कोर्टात गेले, आणि 22 सप्टेंबर 2006 ला सात निर्देश आले : राज्य सुरक्षा आयोग, महासंचालकांना किमान मुदत, ठाणेदारालाही किमान दोन वर्षं, तपास आणि बंदोबस्त वेगळे, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, लोकांच्या तक्रारींसाठी प्राधिकरण, आणि केंद्रात एक आयोग. अंमलबजावणी पाहायला नेमलेल्या न्यायमूर्ती के. टी. थॉमस समितीनं 2010 मध्ये राज्यांच्या उदासीनतेबद्दल तीव्र नाराजी नोंदवली. महाराष्ट्रानं 2014 मध्ये आपला पोलीस कायदा सुधारला, त्यात राज्य पातळीवर आणि विभागीय पातळीवर तक्रार प्राधिकरणांची तरतूद केली. मी आमच्या भागातल्या शिकलेल्या मुलांना विचारते, तुझी पोलिसांविरुद्ध तक्रार असेल तर कुठं जाशील? ते आमदाराचं नाव सांगतात, पत्रकाराचं सांगतात. प्राधिकरणाचं नाव अजून एकानंही सांगितलेलं नाही.

1 सप्टेंबर 2023 ला आमच्या शेजारच्या अंतरवाली सराटीत, मराठा आरक्षणाच्या उपोषणाच्या जागी लाठीमार झाला. आंदोलक जखमी झाले, त्यात बायका होत्या. पोलीसही जखमी झाले. राज्यभर आग उसळली. तीन दिवसांनी गृहमंत्र्यांनी सरकारतर्फे माफी मागितली, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं, चौकशी सुरू झाली. आमच्या पारावर त्या दिवसांत जे बोलणं चाललं त्यात एक म्हातारा म्हणाला, "साहेब बदलला म्हंजी झालं का?" सगळे क्षणभर थांबले आणि मग पुन्हा बोलू लागले.

तो प्रश्न मला सोडवत नाही. साहेब बदलणं निजामानं केलं, चौधरींनी केलं, मुंबईनं केलं, आणि आजही सगळ्यात आधी तेच होतं, कारण ते एका सहीनं होतं. त्या दिवशी हुकूम कुणी दिला, दगड आधी की लाठी आधी, जखमींची नावं काय, कोणत्या अधिकाऱ्यानं काय जबाब दिला, हे सगळं मराठीत लिहून अंतरवालीच्या, तीर्थपुरीच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवं. अशा प्रत्येक चौकशीचं तसंच व्हायला हवं, मग मार खाणारा मराठा असो, पारधी असो, मण्यार असो की वर्दीतला जवान असो. 2 डिसेंबर 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, प्रवेशदारावर कॅमेरे लावायला सांगितलेत, ते चित्रण महिनोन्महिने जपायला सांगितलंय आणि मार बसलेल्याला ते मागण्याचा हक्क दिलाय. तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या संहितेतही मिळत होती आणि 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेतही मिळते. एवढं मी सांगते तेव्हा पारावरची पोरं मोबाईल काढून लिहून घेतात. त्यातल्या एकानं परवा विचारलं की विभागीय प्राधिकरणाकडे अर्ज करायचा तर तो कोणत्या पत्त्यावर, कोणत्या नमुन्यात आणि किती दिवसांत उत्तर येतं. आम्ही दोघांनी मिळून आता माहितीच्या अधिकारात तेच विचारलं आहे.